चार्ल्सटन बंदरांतील जुनीं घरें

मुंबईस जाऊन आलेल्या मनुष्यानें विद्यापीठाच्या आवारांतील राजाबाई मनोरा पाहिला नाहीं, असें सहसा होत नाहीं. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवानें तो बांधण्यास द्रव्य दिलें आणि १८७८ सालीं तो पुरा झाला. प्रेमचंदांनीं हें द्रव्य दिलें तो काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तर आणि दक्षिण यांची यादवी पेटली होती. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं होतीं. मँचेस्टरकडील गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश, वऱ्हाड, गुजराथ येथील कापसाला सोन्याचें मोल आलें. १८६५ सालीं ती लढाई संपली आणि मुंबईचे कित्येक कागदी लक्षाधीश कांहीं आठवड्यांत धुळीस मिळाले, ही कथा पुष्कळांस ठाऊक आहे. त्या यादवीची पहिली तोफ १८६१ सालच्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस, पहाटे साडेचार वाजतां, ज्या बंदरांत उडाली त्या चार्ल्सटन गांवाची कथा मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाहीं.

चार्ल्सटन हें दक्षिण कॅरोलायना संस्थानांतील अटलांटिकच्या कांठचें बंदर. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्या तेथें समुद्रास मिळतात आणि त्यांच्या मधल्या जिभेसारख्या चिंचोळ्या भूमीवर जुनें गांव वसलें आहे. गांवकरी म्हणतात कीं, या दोन नद्या आमच्या गांवापाशीं एकत्र होतात आणि त्यांचाच पुढें अटलांटिक महासागर होतो. असला ग्रामाभिमान पुण्याच्या मंडळींस समजावून सांगावयास नको. इंग्रज वसाहतवाले १६७० सालीं प्रथम अ‍ॅशलीच्या पश्चिम तीरावर उतरले; दहा वर्षांनीं त्यांनीं आपलें बिऱ्हाड या भूमीवर हलविलें. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नांवावरून गांवाला चार्ल्स टाउन म्हणत. इंग्रजांची सत्ता गेल्यावर १७८३ सालीं त्याचें चार्ल्सटन झालें. प्रारंभीं गांवाभोंवतीं तट होता. तो गेला, पण त्या काळांतलें, १७१३ सालचें, तोफांच्या दारूचें कोठार अद्यापि उभें आहे. बुटकें, जाड भिंतींचें, कोणासहि सुंदर न वाटणारें. गांवांत टेकडी म्हणून नाहीं. त्यामुळें समुद्रावरून येणाऱ्यास प्रथम दिसतात ते चर्चचे निमुळते मनोरे.

परंतु या गांवाचें खरें वैशिष्ट्य त्याच्या राहत्या घरांत आहे. तेथील जुन्या घराला ‘सिंगल हाऊस’, म्हणजे एकेरी घर, असें म्हणतात. घराची रुंदी एका खोलीची. अरुंद बाजू रस्त्याकडे, लांब बाजू आंत परसाच्या दिशेनें गेलेली. प्रत्येक मजल्यावर मध्यें जिना आणि त्याच्या दोहों अंगांस एकएक खोली. लांब बाजूस, बहुधा दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे, प्रत्येक मजल्यास जोडून प्रशस्त ओसरी असते. तिला तेथें ‘पियाझा’ म्हणतात. समुद्रावरचा वारा त्याच दिशेनें येतो. रस्त्यावर जें कोरीव दार दिसतें, तें घरांत उघडतच नाहीं. तें उघडतें ओसरीच्या टोकाशीं. घराचें खरें दार पुढें, ओसरीच्या मध्यावर. कोंकणांतली ओटी ज्यानें पाहिली आहे त्याला यांतलें मर्म लगेच कळेल. ओटी घराची असून घराबाहेरची. परकें माणूस तेथवर येऊं शकतें, माजघराची गोष्ट निराळी. शेजारचें घर याच बेताचें असल्यामुळें एकाची ओसरी दुसऱ्याच्या उत्तरेकडील भिंतीसमोर येते. म्हणून त्या भिंतीस खिडक्या थोड्या ठेवावयाच्या आणि ज्या असतील त्यांतून शेजाऱ्याच्या ओसरीवर नजर टाकावयाची नाहीं, अशी जुनी रीत. दमट हवा आणि अंगाची काहिली करणारा उन्हाळा यांतून निघालेला हा बेत आहे. विलायतेंतून आणलेल्या नकाशावर हट्टानें घरें न बांधतां त्या लोकांनीं वाऱ्याचें ऐकलें, एवढें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

असलीं घरें बांधण्यास पैसा लागतो. तो आला भातांतून. ‘कॅरोलायना गोल्ड’ या नांवाचें तेथील भात परदेशांत मोठ्या किंमतीस विकलें जाई. भरतीच्या वेळीं समुद्राचें पाणी नदीचें गोडें पाणी मागें रेटतें. तें चढलेलें गोडें पाणी बांधांतल्या लांकडी दारांतून शेतांत घ्यावयाचें आणि ओहोटीच्या वेळीं सोडून द्यावयाचें, अशी ती शेती. गोव्यांतल्या खाजणांचे बांध आणि त्यांवरील ‘मानस’ ज्यांना माहीत आहेत त्यांना ही युक्ति ओळखीची वाटेल. भेद इतकाच कीं, खाजणांत खारें पाणी बाहेर ठेवण्याची खटपट असते, येथें गोडें पाणी आंत घेण्याची. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविणाऱ्या लोकांचें ज्ञान यांत किती होतें, याविषयीं इतिहासकारांत वाद आहे. श्रम कोणाचे होते, याविषयीं वाद नाहीं. गुडघाभर चिखलांत, डांसांच्या थव्यांत, मैलोगणती बांध घातले ते आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांनीं. भात पाखडण्यास ते गवताचीं पसरट सुपें विणीत. त्यांचे वंशज, ज्यांना गुल्ला म्हणतात, ते तशाच विणीच्या टोपल्या आजहि चार्ल्सटनच्या बाजारांत विकतात.

भाताच्या जोडीस नीळ आली. एलायझा लूकस नांवाच्या मुलीवर सोळा-सतराव्या वर्षींच वडिलांच्या शेतवाड्यांचा कारभार पडला. तिनें १७४० च्या सुमारास निळीचे प्रयोग चालविले आणि थोड्याच वर्षांत नीळ हें कॅरोलायनाचें दुसरें मोठें पीक झालें. पुढें अमेरिका स्वतंत्र झाली, इंग्रज सरकारचें उत्तेजन बंद झालें, आणि निळीचे व्यापारी बंगालकडे वळले. १८५९ सालीं ज्या निळीपायीं बंगालच्या रयतेनें बंड केलें तिचा पूर्वेतिहास असा या बंदरापर्यंत पोंचतो.

हें बंदर गुलामांच्या व्यापाराचें केवढें मोठें ठाणें होतें याची कल्पना एका अंदाजावरून येईल. आज संयुक्त संस्थानें म्हणून जो देश आहे, त्यांत आणलेल्या आफ्रिकन लोकांपैकीं दहांतले चार याच बंदरांत उतरले असावेत, असें अभ्यासक मानितात. परदेशांतून गुलाम आणण्यास १८०८ च्या १ जानेवारीपासून कायद्यानें बंदी होणार, हें ठाऊक असल्यामुळें आधींच्या चार वर्षांत व्यापाऱ्यांनीं जहाजांमागून जहाजें आणलीं. तीं बहुतेक गॅड्सडेनच्या धक्क्यास लागत. या धक्क्याचा धनी ख्रिस्तोफर गॅड्सडेन हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांतला नांवाजलेला पुढारी. पिंवळ्या निशाणावर वेटाळें घालून बसलेला सर्प आणि खालीं ‘मला तुडवूं नका’ हीं अक्षरें, तें प्रसिद्ध निशाण त्याचें. त्याच्या धक्क्याच्या जागेवर २०२३ सालच्या जून महिन्यांत आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या इतिहासाचें संग्रहालय उघडलें. इमारत अठरा खांबांवर जमिनीपासून तेरा फूट उंच उचललेली आहे. खालची भूमि मोकळी ठेविली आहे.

देशांतल्या देशांत गुलामांची खरेदी-विक्री बंदीनंतरहि चालूच होती. १७७१ सालीं पुरी झालेली जुनी एक्स्चेंजची इमारत पाहण्यास सुरेख आहे. १७९१ सालीं वॉशिंग्टन आले असतां त्यांचा सत्कार याच इमारतींत झाला. तिच्याच बाजूस रस्त्यावर माणसांचा लिलाव होई. १८५६ सालीं उघड्यावरचे लिलाव बंद करण्यांत आले, तेव्हां धंदा आंत गेला. चामर्स रस्त्यावर १८५९ सालचें लिलावघर अजून आहे. १९३८ सालापासून तेथें त्या व्यापाराचें संग्रहालय झालें. त्याहून लहान, पण मन जास्त अस्वस्थ करणारी एक वस्तु आहे. धन्याला आपला गुलाम दुसऱ्याकडे मजुरीस लावावयाचा असला, तर नगरपालिकेंत पैसे भरून तांब्याचा बिल्ला घ्यावा लागे आणि तो गुलामानें जवळ बाळगावा लागे. बिल्ल्यावर वर्ष, क्रमांक आणि धंदा: हमाल, कोळी, कारागीर, घरचा नोकर. नांव मात्र नाहीं. हे बिल्ले शेतांत, परसांत, जुन्या विहिरींत अद्यापि सांपडतात.

आतां पुन्हा घरांकडे वळूं. नॅथॅनिएल रसेल या व्यापाऱ्याचें १८०८ सालचें घर पाहण्यास लोक लांबून येतात ते तेथील जिन्यासाठीं. अंडाकृति वळणें घेत तो तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो आणि मधल्या पोकळींत त्याला कोठेंहि खांबाचा आधार नाहीं. सुतारकामाचा तो उत्तम नमुना आहे यांत शंका नाहीं. परंतु चार्ल्सटन ज्याला समजून घ्यावयाचें आहे, त्यानें एलिझाबेथ रस्त्यावरील एकेन-ऱ्हेट घराच्या पाठीमागें जावें. १८२० च्या सुमाराचें हें घर पुढें गव्हर्नर विल्यम एकेन यांचें झालें. त्यांच्या भातशेतीवर सातशेंच्या आसपास गुलाम होते. घराच्या मागें उंच भिंतींनीं वेढलेलें अंगण. एका अंगास मुदपाकखाना आणि धुण्याची खोली, दुसऱ्या अंगास तबेला, आणि त्यांच्या माडीवर गुलामांच्या निजण्याच्या खोल्या. घराण्यांतली मंडळी तेथें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राहत होती. १९९५ सालीं एका संरक्षक संस्थेनें हें घर घेतलें. तिनें त्याला रंगरंगोटी न करतां, जसें हातीं आलें तसेंच टिकविलें. पुढच्या दिवाणखान्यांतला फाटका भिंतकागद आणि मागच्या खोल्यांतला उडालेला चुना, दोन्ही तसेच आहेत. पुष्कळ वर्षें या गांवांतील वाटाडे गुलाम हा शब्द टाळून ‘नोकर’ म्हणत. परंतु भिंतीच कधीं कधीं बोलतात. हातानें थापलेल्या जुन्या विटांत ओली माती उचलतांना उमटलेले बोटांचे ठसे दिसतात. त्यांतले कांहीं मुलांच्या बोटांएवढे लहान आहेत.

सेंट मायकेलच्या चर्चचा मनोरा १८६ फूट उंच आहे आणि त्यांतील आठ घंटांइतका प्रवास फार थोड्या माणसांनीं केला असेल. १७६४ सालीं त्या लंडनमध्यें ओतल्या गेल्या. स्वातंत्र्ययुद्धाच्या शेवटीं इंग्रजांनीं जातांना त्या लुटीबरोबर लंडनला नेल्या. तेथून त्या परत आल्या. यादवींत सुरक्षिततेसाठीं कोलंबिया गांवीं पाठविल्या, तर १८६५ च्या आगींत तें गांवच जळालें आणि घंटा भंगल्या. मग ते तुकडे पुन्हा लंडनला, पुन्हा भट्टींत, आणि १८६७ सालीं पुन्हा मनोऱ्यांत. १९८९ च्या ह्युगो वादळानंतर दुरुस्तीसाठीं त्या आणखी एकदां समुद्रापार जाऊन आल्या. गांवकरी ही कथा प्रेमानें सांगतात. या घंटा कृष्णवर्णीयांना रात्रीं रस्त्यावरून घरीं जाण्याचा हुकूमहि देत असत, हें सांगण्यास ते अलीकडे शिकले आहेत.

डेन्मार्क व्हेसी नांवाचा सुतार या घंटा ऐकत असे. सोडतींत मिळालेल्या पैशांनीं त्यानें १८०० च्या सुमारास स्वतःची सुटका विकत घेतली होती. बायकामुलांची घेतां आली नाहीं. १८२२ सालीं बंडाचा कट केल्याच्या आरोपावरून त्याला आणि आणखी ३४ जणांना फांशीं दिलें. ज्या कृष्णवर्णीयांच्या चर्चशीं त्याचा संबंध होता तें पाडून टाकलें. त्याच मंडळीचें आजचें इमॅन्युएल चर्च १८९१ सालचें. २०१५ सालच्या १७ जूनच्या रात्रीं तेथें प्रार्थनेस बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणानें, वर्णद्वेषापायीं, गोळ्या घालून मारलें. तीन वर्षांनीं, २०१८ च्या जूनमध्यें, नगरपालिकेनें गुलामगिरींतील आपल्या वांट्याबद्दल क्षमा मागणारा ठराव केला. सात मतें बाजूनें आणि पांच विरुद्ध. नगरभवन गुलामांच्या हातांनीं बांधलेलें आहे, हें त्या वेळीं सभेंत बसलेल्या सर्वांस ठाऊक होतें.

यादवीची पहिली तोफ उडाली ती बंदराच्या तोंडाशीं असलेल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर. चौतीस तास मारा चालला. शहरांतील प्रतिष्ठित मंडळी समुद्राकांठच्या हवेल्यांच्या गच्च्यांवर बसून तो सोहळा पाहत होती. त्या माऱ्यांत एकहि मनुष्य मेला नाहीं. पुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक मेले. गच्चीवरून दिसली ती लढाई एवढीच असते, अशी समजूत त्या दिवशीं पुष्कळांची झाली असावी. वर्षभरानें, १८६२ च्या १३ मे रोजीं पहाटे, त्याच किल्ल्यासमोरून ‘प्लँटर’ नांवाची आगबोट गेली. गोरे अधिकारी रात्रीं गांवांत निजावयास गेले होते. सुकाणूंवर रॉबर्ट स्मॉल्स हा तेवीस वर्षांचा गुलाम होता. त्यानें कप्तानाची टोपी घातली, ठरलेल्या खुणेच्या शिट्या बिनचूक दिल्या, वाटेंत आपलीं बायकामुलें बोटींत घेतलीं, आणि बोट थेट उत्तरेच्या आरमारांत नेली. पुढें तो देशाच्या कायदेमंडळांत निवडून गेला. बोफोर्ट गांवीं ज्या घरामागें तो जन्मला होता तें आपल्या जुन्या धन्याचें घर त्यानें विकत घेतलें.

लढाईनें चार्ल्सटन भिकेस लागलें. १८६१ च्या डिसेंबरांत मोठी आग लागली, मग दीड वर्षाहून अधिक काळ तोफांचा मारा झाला, आणि १८८६ च्या ३१ ऑगस्टच्या रात्रीं भूकंप. साठांच्या आसपास माणसें दगावलीं, विटांच्या इमारतींपैकीं धड अशी क्वचितच राहिली. लोकांनीं भिंतींच्या आरपार लोखंडी कांबी घालून त्या बाहेरून चकत्यांनीं आवळल्या. या चकत्या, कोठें वर्तुळाकार, कोठें तारेसारख्या, आजहि घरोघर दिसतात. दुसऱ्या भूकंपांत त्यांचा कितपत उपयोग होईल याविषयीं स्थापत्यशास्त्रज्ञ साशंक आहेत. नवीं घरें बांधण्याची ऐपत नसल्यामुळें लोक जुन्यांतच राहिले. इतर शहरांनीं पाडून टाकलें तें येथें दारिद्र्यामुळें वांचलें.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मात्र निराळें संकट आलें. दूरच्या शहरांतील संग्रहालयें आणि धनिक या घरांतील लांकडी नक्षीकाम उखडून विकत नेऊं लागले. १८०३ सालचें जोसेफ मॅनिगॉल्ट यांचें घर पाडलें जाणार अशी बातमी आली, तेव्हां १९२० सालीं सुझन प्रिंगल फ्रॉस्ट या बाईंनीं जुन्या घरांच्या रक्षणासाठीं मंडळी जमविली. घर वांचलें, त्याच्या बागेंत पेट्रोलचा पंप झालाच. १९३१ सालीं नगरपालिकेनें जुन्या भागासाठीं खास नियम केले. जुन्या वस्तीच्या रक्षणाचा असा कायदा करणारें तें अमेरिकेंतील पहिलें शहर. त्याच वर्षीं ईस्ट बे रस्त्यावरील एक मोडकळीस आलेलें घर डोरोथी लेग या बाईंनीं घेऊन त्याला गुलाबी रंग दिला. शेजाऱ्यांनीं हळूहळू तिचा कित्ता गिरविला आणि तेरा घरांची ती ओळ ‘इंद्रधनुष्याची ओळ’ म्हणून जगप्रसिद्ध झाली. दारू प्यालेल्या खलाशांना आपलें घर ओळखतां यावें म्हणून हे रंग दिले, असें वाटाडे सांगतात. ती निव्वळ थाप आहे.

या उद्योगाची एक बाजू दुरुस्तीच्या पाटीवर लिहिलेली नसते. मोडक्या घरांत कोणीच राहत नव्हतें असें नाहीं. लढाईनंतर तेथें गरीब कृष्णवर्णीय कुटुंबें, आपल्याकडील चाळींप्रमाणें, एकेका खोलींत राहत होतीं. चर्च रस्त्यावरील अशाच एका चाळीवरून ड्यूबोस हेवर्ड यांनीं १९२५ सालीं ‘पोर्गी’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून पुढें जगभर गाजलेलें संगीत नाटक झालें. नाटक गाजलें, चाळींतलीं बिऱ्हाडें मात्र उठलीं. घरें दुरुस्त झालीं कीं भाडें चढे, आणि ज्यांच्या पूर्वजांनीं तीं विटेविटेनें बांधलीं त्यांना गांवाच्या उत्तर भागांत किंवा गांवाबाहेर जावें लागे. ज्यांनीं घरें वांचविलीं त्यांचे उपकार मानावेतच. परंतु भिंती राखतांना माणसें जाऊं दिलीं, हा हिशेब त्यांच्याकडून चुकला, आणि त्याची भरपाई करणें अजून शहरास साधलेलें नाहीं.

आतां समुद्रच दाराशीं आला आहे. गेल्या शंभर वर्षांत तेथील पाण्याची पातळी एक फुटाहून जास्त वाढली. पाऊस नसतांहि मोठ्या भरतीला रस्त्यांवर पाणी चढतें. कांहीं जुनीं घरें पायासकट उचलून कित्येक फूट उंच करण्यांत आलीं आहेत.

या गांवांत फिरतांना लोखंडी फाटकांकडे लक्ष जातेंच. त्यांतलीं पुष्कळ फिलिप सिमन्स या लोहाराचीं आहेत. १९१२ सालीं जन्मलेला हा कृष्णवर्णीय कारागीर पीटर सिमन्स या गुलामगिरींत जन्मलेल्या म्हाताऱ्या लोहाराच्या हाताखालीं शिकला; दोघांचें आडनांव एक असलें तरी नातें नव्हतें. घोड्यांचे नाल आणि गाड्यांच्या धांवा यांचें काम मोटारींनीं बुडविलें, तेव्हां फिलिप नक्षीच्या फाटकांकडे वळला. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्यानें ऐरणीवर घण घातला. २००९ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या हातचीं पांचशेंहून अधिक कामें गांवांत होतीं. ब्लँचार्ड रस्त्यावरचें त्याचें लहानसें घर आणि शेजारची पत्र्याची भट्टी आतां संग्रहालय म्हणून राखलीं आहेत. त्याचें एक फाटक ईस्ट बे रस्त्यावर, गॅड्सडेन घराण्याच्या जुन्या घरास आहे. त्यावर त्यानें लोखंडाचा सर्प वेटाळें घालून बसविला आहे.